मालकांच्या गाडीतला पिवळा दिवा

विकून टाकलेल्या जमिनींवर विकल्यानंतर दुप्पट मालकी गाजवणारा माणूस सबंध मुळशी तालुक्यात एकच आहे, आणि त्यांच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर मी बरीच वर्षं भाड्यानं राहिलो. भूगावात जिथं आता उंच इमारती आहेत, निळ्या पाण्याचे तलाव आहेत, तिथं आमच्या घरमालकांच्या लेखी अजून भातच उभा आहे. कुणी पत्ता विचारला की ते सांगत, "जांभळीच्या वावरातनं सरळ जावा आन मोठ्या खाचरापाशी उजवीकडं वळा." जांभळीचं वावर म्हणजे औषधांचं दुकान आणि मोठं खाचर म्हणजे एका सोसायटीचं फाटक, हे माहीत असायला माणूस त्यांचा भाडेकरूच असावा लागे. पार्सल पोचवणारी मुलं हातात फोन धरून त्यांच्यापुढं गोंधळून उभी राहत, आणि एवढा सोपा पत्ता यांना का कळत नाही म्हणून मालक त्यांच्यापुढं गोंधळून उभे राहत.

हे सगळं सांगताना त्यांचा डावा हात तोंडाच्या बरोबरीनं बोलत असे. विहीर किती खोल होती, बैल कसा उधळला, बांध कुठून कुठवर गेला होता, हे तो हात हवेत आखून दाखवी, आणि त्या आखणीच्या वाटेत कोण बसलंय याची त्याला फिकीर नसे. पिरंगुटला एका लग्नात पंगतीत त्यांनी विहिरीला पाणी कसं लागलं ते सांगायला घेतलं आणि शेजारच्या पाहुण्याचा फेटा आमटीत गेला. मालकांनी तो उचलला, झटकला, पाहुण्याच्या डोक्यावर नीट बसवला आणि गोष्ट जिथं थांबली होती तिथून पुढं चालू केली. पाहुण्याला काय झालं ते उमजेपर्यंत विहीर बांधूनही झाली होती. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हे पाहून पदराआड हसल्या. काकूंना बोलता येत नव्हतं असं नाही, पण मालक बोलत असताना मधे शिरायला फट सापडत नसे, आणि मालक बोलत नाहीत अशी वेळ मला आठवत नाही.

अशा माणसानं गाडी घेतली. पांढरी, उंच, दारं मिटताना मऊ आवाज करणारी. सीटवरचं प्लॅस्टिक त्यांनी काढलं नाही, कारण "पयला मळ लागला की गाडी जुनी व्हती." पहिल्या आठवड्यातच ते वर माझ्या खोलीत आले. मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळं छापलेलं जे जे आहे ते सगळं मला कळतं अशी त्यांची समजूत होती.

"सर, गाडीत पिवळा दिवा लागतुया. आमची मंडळी बसली की लागतोय, उतरली की इजतोय. ह्याचा अर्थ काय?"

मी खाली जाऊन पाहिलं. काकू पुढच्या सीटवर हात जुळवून बसल्या होत्या आणि दिवा विझलेला होता. मालक म्हणाले, "आत्ता न्हाई. रस्त्याला लागलं की." मग त्यांनी शहानिशाच करायची ठरवली. इमारतीतल्या एकेका भाडेकरूला बोलावून त्यांनी त्या सीटवर बसवलं, अंगणात एक फेरी मारली आणि दिव्याकडं पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरचा लठ्ठ इंजिनियर बसला, त्याची बारीक बायको बसली, तांदळाचं पोतं बसलं. दिवा कुणालाच लागला नाही. पुन्हा काकू बसल्या, तरी लागला नाही. संध्याकाळी दोघं पौडला जाऊन आली, तर जाताना लागला आणि येतानाही लागला. "गाडी हिला घरात वळखती आन रस्त्यावर वळखत न्हाई," असा निष्कर्ष मालकांनी काढला, आणि मला त्याहून बरा काही सुचत नव्हता. त्यांना काकूंच्या अंबाड्यातल्या आकड्याचा संशय आला, मग जोडव्यांचा, मग मिश्रीच्या डबीचा. काकू एकेक वस्तू निमूट काढून ठेवत गेल्या आणि दिवा लागत राहिला.

शेवटी मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचलं. सीटच्या कुशीत, दाराच्या बाजूला, एक हवेची उशी घडी घालून ठेवलेली असते. गाडीला बाजूनं धडक बसली की ती फुगते आणि माणूस व दार यांच्या मधे येते. सीटच्या पाठीत एक सेन्सर असतो, तो बसणाऱ्याच्या पाठीची उंची पाहतो आणि माणूस दाराकडं कलला आहे का तेही पाहतो. बुटकं मूल असेल किंवा कुणी दाराला डोकं टेकून बसलं असेल, तर सेन्सर ती उशी बंद करतो आणि दिवा लावतो. मी हे चार वेळा सांगितलं. मालकांचा चेहरा दर खेपेला जास्त गोंधळला.

"म्हंजे उशी वाचवायला हाय, आन ती बंद करत्यात वाचवायलाच?"

"ती फार जोरात फुगते, मालक. डोकं तिच्या वाटेत असलं तर डोक्यालाच इजा व्हायची."

"मग ही काय बारकं पोर हाय व्हय?" काकूंची उंची बेताचीच होती, पण मुलासारखी म्हणावी इतकी कमी नव्हती, नाहीतर दिवा अंगणातही लागला असता. सर्व्हिस सेंटरमधल्या बाईंनी गाडी तपासली, सीट चांगली आहे म्हणाल्या आणि कुशीतली उशी फुगायला जागा हवी म्हणून प्लॅस्टिक काढायला लावलं. मालकांनी ते घरी आणून घडी करून कपाटात ठेवलं. दिवा दुसऱ्या दिवशी पुन्हा लागला.

मग काकूंच्या भाचीचा साखरपुडा आला. काकूंचं माहेर ताम्हिणीच्या बाजूला. मालक मला म्हणाले, "तुमी चला संगं. मागं बसा आन निसतं दिव्यावर ध्यान ठेवा." मी मधोमध बसलो आणि पुढं पाहत राहिलो. भूगाव सुटलं तसं मालकांचं बोलणं सुरू झालं. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा मोकळा. "ही टेकडी बगा, हितं आमचं गवत हुतं," असं म्हणून हात काकूंच्या नाकासमोरून टेकडीकडं गेला. काकू सवयीनं दाराकडं सरकल्या, डोकं काचेला टेकलं आणि थोड्या वेळानं दिवा लागला. हात खाली आला, तरी काकू तशाच राहिल्या, कारण पुढची जमीन फार लांब नव्हती. हे माझ्या डोळ्यांदेखत दोनदा घडलं, आणि मला अजून नीट उमजत नव्हतं.

पौडच्या अलीकडं मालक एका विकलेल्या चिंचेबद्दल सांगत असताना डाव्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावरून विटांचा टेम्पो न थांबता वर आला. मालकांनी ब्रेक दाबला. टेम्पोवाल्यानंही दाबला. टेम्पोचं तोंड काकूंच्या दारापासून इतक्या जवळ थांबलं की काच खाली केली असती तर त्याच्या दिव्याला हात लागला असता. काकूंचं डोकं अजून काचेलाच टेकलेलं होतं, आणि समोर तो पिवळा दिवा शांतपणे जळत होता.

मालकांनी गाडी कडेला घेतली. टेम्पोवाला हात जोडून निघून गेला. दिव्याकडं बोट करून त्यांनी मला विचारलं, "आत्ता धडक बसली असती तर हिच्या बाजूला उशी न्हवती?"

"नव्हती."

"का पन? शीट चांगली हाय म्हनल्या त्या बाई."

काचेला टेकलेलं काकूंचं डोकं पाहून मला आता उमजलं होतं, पण ते सांगणं जड गेलं. "मालक, तुम्ही बोलायला लागलात की तुमचा हात काकूंच्या तोंडावरून जातो. त्या चुकवायला दाराशी जातात. दिवा त्यामुळं लागतो."

मालकांनी डावा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडं पाहिलं. मग बायकोला विचारलं, "अगं, खरं हाय का हे?"

काकू म्हणाल्या, "मोटारसायकलवर मागं बसायची तवा बरं हुतं. हितं जागाच न्हाई."

"मग सांगायचं न्हाई?"

"कवा सांगू?"

मालकांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि गाडी पुढं काढली. तेव्हा मला कळलं की हात बांधला गेला की या माणसाचं तोंडही चालत नाही. त्यांनी दोनदा सुरुवात केली, "हितं आमचं" एवढं म्हणाले, बोटं स्टिअरिंगवर वळवळली आणि वाक्य तिथंच मिटलं. काकू हळूहळू सरळ झाल्या. दिवा विझला. घाट जवळ आला तेव्हा काकूच बोलू लागल्या, आधी काचेकडं पाहत, मग आमच्याकडं वळून. त्या ओढ्यापलीकडं त्यांची शाळा होती. चौथीत त्यांचा पहिला नंबर आला होता. पुढची शाळा लांब होती, घरी म्हशी होत्या, म्हणून नाव काढलं. शाळेतल्या बाई घरापर्यंत समजवायला आल्या होत्या. काकू आत चुलीमागं उभ्या राहून ऐकत होत्या, वडिलांनी चहा दिला आणि बाई परत गेल्या. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, एखाद्या गावाची वाट सांगावी तसं सांगितलं. मालकांनी रस्त्यावरची नजर काढली नाही, पण गाडी फार हळू चालवली.

परत आल्यावर रात्रीची जेवणं व्हायच्या आधी ते वर आले आणि खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा पुस्तक ऐकताना झाला होता तसाच गोंधळलेला होता. "ती पयली आलती, सर. एवढा संसार झाला, मला कुनी बोललंच न्हाई." मी विचारलं, तुम्ही कधी विचारलं होतं का. त्यांनी डावा हात उचलला, काहीतरी दाखवायला निघालेला तो हात अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. "न्हाई," ते म्हणाले, "इचारलं न्हाई." पाणी प्यायले आणि गेले.

त्यानंतर ते एकदम मुके झाले असं मुळीच नाही. अंगणात, पारावर, भाडेकरूंच्या दारात त्यांच्या जमिनी आहेत तिथंच आहेत. मी मात्र आता नोकरीमुळं दुसऱ्या गावी असतो. कधी फोन केला की मालक तब्येत विचारतात, पावसापाण्याचं सांगतात, आणि मग म्हणतात, "थांबा, हिला देतो." काकू फोन घेतात आणि सावकाश, मनासारखं बोलतात. परवा त्या लहानपणीच्या एका म्हशीचं सांगत होत्या, जी धरणाच्या पाण्यात पोहत पलीकडच्या गावाला गेली. एवढ्यात दारावर कुणी आलं. "ठेवते सर, पुन्ना बोलू," काकू म्हणाल्या. फोन बंद व्हायच्या आधी मला पलीकडून मालकांचा आवाज ऐकू आला, माझ्यासाठी नसलेला, जरा दबका.

"अगं, पर ती म्हस घावली का?"