साठ धड खुर्च्या

शहराच्या भर चौकात एक थिएटर आहे आणि ते अजून चालू आहे, असं मालक म्हणतात. चालू म्हणजे दुपारचा एक खेळ. त्याला दहा-बारा माणसं येतात, त्यातली निम्मी पंख्याखाली झोपायला. मालकांच्या आजोबांनी ते बांधलं तेव्हा पडद्यावरची माणसं बोलत नव्हती. वडिलांच्या काळात ती बोलायला, गायला लागली आणि ‘हाऊसफुल्ल’ची पाटी उतरवायची सवड मिळेना. ती पाटी सध्या संडासाच्या फुटक्या खिडकीला लावली आहे. तिचा असा उपयोग होईल हे आजोबांना सुचलं नसतं.

या वैभवाचे शेवटचे कारभारी म्हणजे बॅटरीकाका. हुद्दा डोअरकीपर. एकतीस वर्षं अंधारात बॅटरी दाखवून लोकांना जागेवर बसवायचं, एवढंच काम. पण आव असा, की आलेला माणूस यांच्याच घरी पाहुणा आहे. सातशे खुर्च्यांपैकी कुठली कुणाला कुठे टोचते हे त्यांना तोंडपाठ. त्यातल्या साठ धड उरल्या होत्या. तिकिटावर आकडा काहीही असो, काका माणसाला धड खुर्चीपाशीच नेत. छत गळे त्या बाजूला बॅटरी वळवतच नसत. त्यामुळे प्रेक्षकांना सगळं छान वाटे. मालकांनाही वाटे, मग दुरुस्ती हवी कशाला?

अखेर छताचा एक तुकडा मालकांच्याच पुढ्यात पडला आणि त्यांना दुरुस्तीचं महत्त्व पटलं. नगरपालिका तेव्हा जुन्या इमारतींना मदत देत होती. त्यासाठी समिती पाहणीला येणार होती. मदत मिळाली तर थिएटर राहणार, नाहीतर पाडून तिथे पार्किंग होणार. पार्किंगला डोअरकीपर लागत नाही, हे काकांना न सांगता कळलं.

मालकांनी बजावलं, “काका, जे जे मोडकं आहे ते दाखवा. एच रांगेत बसवा सगळ्यांना. उठताना कपडे फाटले पाहिजेत.”

“फाडतो की!” काका म्हणाले.

घरी त्यांनी तालीमही केली. बायकोला स्टुलावर बसवून ते म्हणाले, “या साहेब, ही बघा स्प्रिंग.”

“अहो, जरा रडवेला आवाज काढा,” बायको म्हणाली. “लग्नाचं आमंत्रण देताय का?”

समितीत तीन गृहस्थ होते आणि अध्यक्षबाई. पाहणी दिवे लावून व्हायची होती, पण बाईंना आधी थोडा सिनेमा बघायची हौस आली. सरकारी काम म्हटलं की अशी तळमळ असतेच. सिनेमा लागला, दिवे गेले. काकांच्या हातातली बॅटरी आपसूक लागली.

“सांभाळून, पायरी आहे.”

एच रांगेपाशी ते थबकले. बाई गुडघा धरून, एकेक पाऊल टाकत येत होत्या. त्यांना त्या स्प्रिंगवर बसवायचं? काकांचा जीव होईना. ते दोन रांगा पुढे गेले, चार धड खुर्च्या स्वतःच्या रुमालाने पुसल्या आणि म्हणाले, “इथे बसा. इथून छान दिसतं.”

थोडा सिनेमा म्हणता म्हणता मध्यंतर जवळ आलं. बाई हसल्या, मग डोळे पुसून झाले, आणि पुढच्या बैठकीला उशीर झाला म्हणून चौघंही अंधारातच उठले. काकांनी बॅटरी धरून दारापर्यंत पोचवलं. पाहणी झाली.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. ‘प्रेक्षागृह सुस्थितीत. मदतीची आवश्यकता नाही. डोअरकीपरचे सौजन्य विशेष उल्लेखनीय.’

“घ्या, फ्रेम करून लावा,” मालक म्हणाले. “भिंत तुमची तुम्ही शोधा.”

बायकोने तो कागद दोनदा वाचला. ती ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

“एकच दिवस,” ती हळूच म्हणाली. “एकच दिवस मोडक्या खुर्चीवर बसवायचं होतं हो.”

काकांना रडू आवरेना. थिएटर आपल्याच हातांनी घालवलं, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

“अगं, पण दिवे गेले होते,” ते म्हणाले. “दिवे गेल्यावर ती समिती कुठली? प्रेक्षक होते ते.”