दसऱ्याला भिजत ठेवलेलं इंजिन

विठ्ठलवाडीच्या सखारामला इंजिनातला कार्बन काढायचं वेडच होतं. गाडी ओढत नाही, धूर सोडते, पेट्रोल पिते, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं की तो आधी कान लावून ऐकायचा. मग "छातीत कफ झालाय हिच्या," म्हणायचा. हल्ली नळी जोडून झटपट सफाई करणारी मशीनं आली आहेत, त्यांना तो नावं ठेवायचा. चालू इंजिनात फवारा मारणाऱ्यांवर तर त्याचा भारी राग. सुटलेला खडा व्हॉल्व्हमध्ये अडकला की संपलंच! इंजिन खोलून हाताने खरवडणं उत्तम, पण तेवढा धीर कोणाला? म्हणून त्याने मधला मार्ग धरला होता. प्लग काढायचे, त्यांच्या भोकांतून कार्बन विरघळवणारं औषध ओतायचं, पिस्टन भिजू द्यायचे आणि उरलेलं सिरिंजने ओढून घ्यायचं.

धोका इथेच होता. औषध आत असताना कोणी स्टार्टर मारला, तर ते पिचकारीसारखं वर उडतं आणि डोळे जाळतं. म्हणून भोकांवर फडकं आणि चावी आपल्या खिशात, हा सखारामचा नियम. जेवायला घरी गेला तरी चावी खिशातच. बायको, मीराबाई, चिडवायची, "माझ्यापेक्षा हिलाच जास्त जपता."

गेल्या दसऱ्याला सुदेशची टॅक्सी भिजत पडली होती. सुदेश कोलशेतचा, टॅक्सीवर घर चालवणारा, सखारामला काका म्हणणारा. तो समोर चहाला गेला आणि मीराबाई पूजेचं ताट घेऊन गॅरेजात आली. दसऱ्याला लोखंडाचं जे जे असेल त्याची पूजा होते. सखारामने पाने, पक्कड, हातोडा मांडले आणि चावीही ताटात ठेवली. लोखंडच ते. तेलकट काळं फडकं पूजेत बरं दिसेना, म्हणून तेही काढून टाकलं. आयुष्यभर पाळलेला नियम देवाच्या नावाने मोडला आणि त्याला त्याचं काही वाटलंही नाही. मग तो मागच्या नळावर हात धुवायला गेला.

सुदेश परतला. आरशाला हार, चाकांखाली लिंबं, चावीला कुंकू. पूजा झाली म्हणजे गाडी तयार, आता लिंबं चिरडून पुढे काढायची, एवढंच त्याला ठाऊक. बॉनेट उघडं होतं, पण दसऱ्याला इंजिनालाही कुंकू लावतातच. त्या बॉनेटमागे मीराबाई हळद लावत वाकली होती, ती त्याला दिसली नाही. बाजूला ठेवलेल्या ताटातली चावी उचलून तो आत बसला आणि ती फिरवली.

तिची किंकाळी ऐकून सखाराम धावत आला. डोळ्यांत औषध गेलं तर आधी पाणी, भरपूर पाणी, असं तो साऱ्या जगाला बजावायचा. ऐन वेळी मात्र मती गुंग झाली. त्याने तिच्याच पदराने तिचे डोळे पुसले आणि रिक्षाला हात केला. मागे नळ वाहतच होता.

उजवा डोळा गेल्याचं कल्याणच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं. डाव्याचं थांबून कळणार होतं. कसं झालं, असं विचारल्यावर सखाराम म्हणाला, "ड्रायव्हरने न विचारता चावी मारली." खोटं नव्हतं ते. तेच त्याने नातेवाइकांना सांगितलं, आळीत सांगितलं, आणि सांगता सांगता त्याला स्वतःलाही पटलं. आळीने सुदेशचा उद्धार केला. माणूस किती सहज स्वतःला सोडवून घेतो!

दिवाळीच्या तोंडावर डावा डोळाही गेला. ते कळल्यावर सुदेश आला आणि मीराबाईच्या पायाशी बसून रडायला लागला.

"काकू, माझ्यामुळे झालं. मी विचारायला पाहिजे होतं."

सखाराम खाटेवर मान खाली घालून बसला होता.

मीराबाईने चाचपत सुदेशच्या डोक्यावर हात ठेवला. "तू कशाला रडतोस रे? चावी यांनीच ताटात ठेवलेली. फडकं पण यांनीच काढलेलं. मी बघत होते ना तेव्हा." मग खाटेकडे तोंड करून तिने विचारलं, "खरं ना हो?"

सखाराम तोवर पाय न वाजवता बाहेर निघून गेला होता.