‘राग’ लिही, कुमुद

कुमुद गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गावर पाढे घेत होते. शिपायानं दारातून सांगितलं. मी “बरं” म्हटलं आणि तेराचा पाढा पुरा करून घेतला. कुमुद असती तर म्हणाली असती, “मालू, तोंडानं ‘बरं’ म्हणालीस, पण आत काय झालं ते सांग की!” आता हे विचारणारं लालबागमध्ये कुणी उरलं नाही. चार दिवस आधीच परळच्या इस्पितळात तिला भेटून आले होते. छातीच्या दुखण्यानं वाळून काटकी झाली होती बाई. उशीखालची वही काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “तुझ्याकडे ठेव. मी आहे तोवर उघडू नकोस…” त्या वहीत काय असणार, याचा मला अंदाज होता. म्हणूनच ती गेल्यावरही महिनाभर मी ती फडताळातून काढली नाही.

आम्ही एकाच चाळीत, एकाच गॅलरीत वाढलो. मी मास्तरीण झाले आणि ती माटुंग्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागली. तिथं ऐकलेलं संध्याकाळी चाळीवर आजमावायची. मनगट धरायची, घड्याळाकडे बघत ठोके मोजायची आणि विचारायची, “आत्ता काय वाटतंय? एका शब्दात सांगा.” मग ते वहीत उतरवायची. “आली डॉक्टरीणबाई!” म्हणून लोक टर उडवायचे, पण हात पुढे करायचे. मी तर तोंडाची फटकळ. “ह्या भावनाबिवना मोजून का कुणाचं पोट भरणार आहे?” म्हटलं एकदा. ती चिडली नाही. म्हणाली, “अगं, भावना म्हणजे मनाचे चोचले नव्हेत. अंग आपल्याला सावध करत असतं. भीतीनं हातपाय गार पडतात, रागानं तळपायाची आग मस्तकात जाते, हे तुझी आईच म्हणते ना? ते खरंच आहे. छाती दोन्हीत धडधडते, पण भ्यालेल्याचा हात बहुधा गार लागतो आणि रागावलेल्याचा गरम. ते ओळखलं नाही ना, तर माणूस भलतंच करून बसतो.” मी हसण्यावारी नेलं.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. त्या सकाळी गिरणीचा भोंगा झाला नव्हता, चिमणीला धूर नव्हता, हिंदमातापर्यंत एक दुकान उघडं नव्हतं. इतकी शांतता की खालच्या नळाचं ठिबकणं वर ऐकू येत होतं. आदल्या दिवशी गोळी चालल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. तरी गॅलरीत आमच्या चाळीची दहाबारा पोरं मोर्चाला निघायच्या तयारीत उभी होती, आणि कुमुद वही घेऊन एकेकाचं मनगट धरत होती. काय वाटतंय? “राग!” पुढचा? “राग!” नुसता गजर चालला होता. मग माझा धाकटा भाऊ मधू आला. एकवीस वर्षांचा, नुकताच गिरणीत लागलेला. त्यानं कुमुदकडे न बघता माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाला, “ताई, आज राहू का गं घरी? आई एकटीच आहे…”

मागच्या पोरांनी ते ऐकलं. कुणीतरी फिसकन हसलं. माझं तोंड असं लाल झालं! मी हातातल्या दोन काचेच्या बांगड्या उतरवल्या. कुमुदनं माझं मनगट पकडलं, मी झटकलं. बांगड्या मधूच्या तळहातावर ठेवल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “ह्या भर, आणि बस आईच्या पदराखाली!” गॅलरी खो खो हसली. मधूही हसला. बांगड्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या आणि हात कुमुदपुढे धरून म्हणाला, “राग लिही, कुमुदताई.” तिनं त्याचा हात बराच वेळ धरून ठेवला. लिहिलं आणि सोडला.

मधू जिवंत परत आला नाही. सदरा परत आला. आईनं खिशात हात घातला, तर काचा लागल्या. “ह्यां काय गो, बाय?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “रस्त्यावरच्या असतील.” तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगत आले, की मधू रागानं गेला, स्वतःच्या मनानं गेला. राज्य मिळालं त्या दिवशी पेढे वाटतानाही हेच सांगितलं. कुमुदनं त्यानंतर चारचौघांत कुणाची नाडी बघितली नाही. “मालू, राग गॅलरीत सांगता येतो. भीती सांगायला दार लावावं लागतं,” एवढंच एकदा म्हणाली. मी विषय बदलला.

गेल्या रविवारी वही काढली. ते पान सापडायला वेळ लागला नाही. वरून खाली सगळीकडे राग, राग, राग. मग मधू. ‘ठोके एकशे वीस. राग म्हणतो. हात बर्फ.’ म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं! असा संताप आला तिचा… मेली बोलली का नाही? मग खालची ओळ दिसली. ‘मालू. विचारलं नाही. हात गार.’ खरं होतं ते. मी भ्याले होते. माझ्या भावाला लोक भित्रा म्हणतील, ह्याला भ्याले होते. आणि तेवढ्यासाठी त्याला धाडला.

आई तांदूळ निवडत बसली होती. मी दार लावलं. तिच्यापुढे बसले, तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, “आई, त्या काचा माझ्या बांगड्यांच्या होत्या. तो भ्याला होता. मी घालवला त्याला.”

तिनं दुसऱ्या हातानं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, “माका ठावक हा.”

तिचा हात गरम होता. मी तो सोडला नाही.