मेहुण्यांची ढाल

"वा! काय भक्कम ढाल आहे!" एवढंच मी म्हणालो होतो. रविवारची सकाळ होती, नल्लकुंट्यातल्या आमच्या घरी नुकतंच केबल आलं होतं आणि आमची कन्या एक जपानी कार्टून बघत बसली होती. त्यातला तीनमजली यंत्रमानव आभाळातून पेटत्या निखाऱ्यासारखा खाली आला, हातातल्या ढालीच्या आडोशाने सुखरूप जमिनीवर उतरला आणि लगेच त्याच ढालीवर त्याने शत्रूच्या तलवारीचा घाव झेलला. मी आपलं कौतुकाने बोलून गेलो. शेजारच्या खुर्चीत माझ्या बायकोचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, बसले आहेत, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. त्या पाच शब्दांचं प्रायश्चित्त मी पुढे दोन वर्षं, दर रविवारी घेत होतो. कार्टूनवर मनापासून, रक्तदाब वाढेपर्यंत संतापणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच असणार, आणि देवाने तो नेमका माझ्या सासुरवाडीत जन्माला घातला.

दादा तारनाक्याला एकटेच राहत. लग्न त्यांनी केलं नाही. एका सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी करून ते नुकतेच निवृत्त झाले होते. तिथे ते नेमकं काय करतात, हे तीस वर्षांत घरात कुणालाही कळलं नाही, कारण सांगायची बंदीच होती. सासूबाईंनी कधी विचारलंच, तर म्हणत, "तापवतो." "अरे, पण काय तापवतोस?" "सगळंच." त्या बिचाऱ्या, आपला मुलगा सरकारी दूध डेअरीत मोठ्या हुद्द्यावर आहे असं चारचौघींत सांगत राहिल्या आणि त्याच समाधानात देवाघरी गेल्या. निवृत्तीनंतर त्यातलं थोडंफार बोलायची मोकळीक झाली. अवकाशातून परत येणाऱ्या यानाला वाटेतल्या आगीतून वाचवणारी जी ढाल असते, तिचं साहित्य दादा भट्टीत तापवून पारखत असत. पण आता बोलायचं कुणाशी? तारनाक्याच्या बाकड्यावरचे पेन्शनर मधुमेहावर बोलत. आणि अशात एका रविवारी, तीस वर्षं जिच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही ती वस्तू आमच्या दिवाणखान्यात, टीव्हीवर, एका यंत्रमानवाच्या हातात त्यांना दिसली. आणि तीही चुकीच्या कामाला जुंपलेली!

"भक्कम म्हणालात ना, जावईबापू?" ते खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, नखाने ओरखडा पडतो तिच्यावर! वजनाला हलकी, अंगाने ठिसूळ. बाहेरची आग आत जाऊ द्यायची नाही, एवढंच तिचं काम. तलवार झेलणं हे तिचं खातंच नाही!"

पुढच्या रविवारी ते साडेनऊलाच स्कूटरवरून हजर झाले, बरोबर वही घेऊन. मग तो नेमच झाला. यंत्रमानव आगीतून उतरत असेपर्यंत दादा शांत असत, किंबहुना "शाब्बास, कोन बरोबर धरलास" असं पुटपुटतही. समोरून किरणांचा झोत आला तर "टिकेल, क्षणभर टिकेल, तेवढं त्यांना माफ" असा निवाडा देत. माणूस न्यायी होता. पण तोफेचा गोळा किंवा तलवार आली की संपलं. "एकदा जळून आलेली ढाल! तिचाच एक थर जळून गेलाय, ती स्वतः झिजते म्हणून तर आतला वाचतो! आणि हा तिच्यावर तोफगोळे घेतोय!" त्या गदारोळात शत्रू कसा मेला, हे आमच्या घरात कुणालाही कधी कळलं नाही.

"मामा, प्लीज ना! रोबोट आहे तो! इतना तो चलता है!" कन्या रडकुंडीला येई.

"चलता है म्हणतात ना बेटा, म्हणूनच यानं पडतात."

हे घरापुरतं राहिलं असतं तरी मी सोसलं असतं. चिक्कडपल्लीला माझ्या चुलतभावाकडे जेवायला गेलो, तर दादांनी भाजायला ठेवलेलं भरताचं वांगं स्वयंपाकघरातून उचलून पानांपुढे आणलं. "ही नापास ढाल. साल जळाली ते ठीक, पण आतला प्रवासी शिजला!" चुलतभावाच्या सासऱ्यांनी त्या दिवशी भरीत घेतलं नाही. एकदा आमच्या केबलवाल्याला त्यांनी जिन्यातच गाठलं आणि हे कार्टून दुरुस्त करून दाखव म्हणून अर्धा तास समजावलं. तो माझ्याकडे आला. "साब, मामू को बोलो ना जरा. मैं तो खाली तार डालता हूँ. रोबोट मेरेकू पूछके नई बनाते!" त्या महिन्यात आमच्या टीव्हीवर मुंग्या जास्त दिसल्या.

माझ्यापुरता मी एक उपाय शोधला होता. दादा बोलू लागले की मी वर्तमानपत्र उघडायचं आणि ठरावीक अंतराने "हूं" म्हणायचं. बायको डोळे वटारी, मी पान उलटी. दादा कधीकधी टिफिनच्या जुन्या डब्यातून फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणत. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी श्रीफळाऐवजी, चाचणीत नापास झालेली ढालीची एक चौकोनी फरशी, रीतसर परवानगी काढून त्यांच्या हाती ठेवली होती. तीस वर्षांचं दाखवण्याजोगं त्यांच्याकडे तेवढंच. ती ते गॅसवर लाल होईपर्यंत तापवत आणि लगेच कोपऱ्याला नुसत्या बोटांनी धरून उचलत. हात भाजत नसे. कन्या टाळ्या वाजवी. हे मला कन्येनेच नंतर सांगितलं. माझं तेव्हा अग्रलेखाचं पान चालू असायचं.

शेवटी दादांच्या हट्टापायी आम्ही रंगीत टीव्ही घेतला. ढाल तापल्यावर कुठला रंग येतो हे काळ्यापांढऱ्यात कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. नवी वस्तू घरात आली की आमच्याकडे नारळ फुटल्याशिवाय तिचं बटण दाबत नाहीत. बायकोने टीव्हीला हळदकुंकू लावलं, वर हार घातला आणि माझ्या हाती नारळ दिला. "बाहेर फोडा, आत पाणी सांडू नका." मी गॅलरीत गेलो. कठड्यावर काळ्याभोर, चकचकीत कडप्प्याचा एक छान तुकडा ठेवलेला दिसला. नारळासाठी ही सोय कुणी केली याचं कौतुक करत मी 'बाप्पा मोरया' म्हणून दणका दिला.

नारळाला काही झालं नाही. कडप्पा मात्र बिस्किटासारखा चुरला आणि आतून पांढरा निघाला.

सकाळचा प्रयोग आटोपून दादांनी ती फरशी तिथे निवायला ठेवली होती. आवाज ऐकून ते बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नारळाकडे, मग कठड्याकडे. दोन वर्षं हा माणूस एकच गोष्ट कानीकपाळी ओरडत होता आणि ती न ऐकणारा या घरात मी एकटाच होतो. ते खाली बसले. एकेक तुकडा फडक्यात वेचू लागले.

"आता पटलं ना, जावईबापू?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

आत कन्येने नारळ फुटायची वाट न बघता कार्टून लावलं होतं. दादा नेहमीच्या खुर्चीत, मांडीवर डबा घेऊन बसले. यंत्रमानव आगीतून उतरला, तलवार आली, ढालीवर खणखणीत आदळली. आम्ही सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. दादा गप्प. घर कसं सुनं सुनं झालं. तेवढ्यात कन्याच पडद्यावर खेकसली, "चूक! फुटायला पाहिजे होती! हो ना मामा?"

दादांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

जाताना त्यांनी सगळ्यांत मोठा तुकडा कन्येच्या हातावर ठेवला आणि स्कूटरला किक मारली. नारळ मी पुढे पायरीवर फोडला; खोबरं गोड निघालं, पण मला काही गेलं नाही. दुपारी चहा पुढे ठेवताना बायको मला काहीतरी जबरदस्त बोलणार म्हणून मी खाली मान घालून बसलो होतो. ती गॅलरीतला पांढरा चुरा एका कागदावर गोळा करून आली, कागदाची नीट पुडी बांधली आणि म्हणाली,

"पुढच्या रविवारी पेपर आधीच वाचून ठेवा."