वहिनीचा खांदा आणि बारा बोअरची बंदूक

आमची मृणालिनी वहिनी दुबईतल्या एका बँकेत ऑडिटर. शारजाच्या रोजच्या ट्रॅफिकमध्येही कधी हॉर्न वाजवत नाही. ही बाई दर शनिवारी गन क्लबात जाऊन उडत्या मातीच्या बशा फोडते असं सांगितलं, की लोक मलाच वेड्यात काढतात.

इथे शिकारीला बंदी, म्हणून हौस बशांवर. क्लबच्या टीममध्ये एकच जागा उरली होती आणि तिच्यावर दोघांचा डोळा: वहिनीचा आणि तिच्या नवर्‍याचा, म्हणजे माझ्या शैलेंद्रदादाचा. त्यात वहिनीला बंदूक निवडून देणाराही दादाच. "तू नाजूक, तुला वीस बोअरच झेपेल," म्हणाला. बंदुकांत हिशोब उलटा, आकडा मोठा तेवढी नळी बारीक. बंदूक अगदी हलकी, आणि काडतुसं मात्र सगळ्यात जास्त छर्‍यांची. "त्याच भावात चार ग्रॅम जास्त मिळतात, सोडायचे कशाला?" मराठी माणूस, दुसरं काय बोलणार.

वहिनीचा खांदा वांग्यासारखा जांभळा झाला. धक्क्याच्या धास्तीने घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटायचे, बशी निघून जायची. "जाऊ दे गं, बायकांचा खेळ नाही हा," दादा म्हणाला. माझं डोकंच फिरलं.

निवडीच्या दिवशी वहिनीने पर्समधून काटा काढला, आपण भारतात जाताना बॅगा लटकवून बघतो ना, तो. क्लबच्या रिकाम्या बंदुका एकेक करून लटकवल्या.

मला म्हणाली, "सुयश, बघ. माझी पावणेतीन किलो, शैलेंद्रची बारा बोअरची साडेतीनच्या वर. बंदूक हलकी, काडतूस जड, मग सगळा धक्का माझ्याच खांद्याला ना? यल्ला, चल, मला ती बारा बोअरची दे. आणि तिची सगळ्यात कमी छर्‍यांची काडतुसं."

"तुला उचलवेल का ती?" दादा हसला.

"दरवर्षी एअरपोर्टवर तीस किलोची बॅग पट्ट्यावर कोण चढवतं?"

दादाचा नंबर आधीच होऊन गेला होता. वहिनी उभी राहिली आणि बशा फुटायला लागल्या. मी तर खुर्चीच्या टोकावर आलो. शेवटची एक उरली तेव्हा दोघांची बरोबरी होती. बशी उडाली. वहिनीचे डोळे सताड उघडे. बशीचा भुगा झाला.

पहिली टाळी दादानेच वाजवली. आपली जागा गेली, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.