शिमग्याच्या सुट्टीत टाकीतले जीव

महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका केमिकल कंपनीत मी सांडपाण्याची टाकी सांभाळते. पाण्यात विरघळलेला सगळा सेंद्रिय कचरा, सॉल्व्हंट-बिल्व्हंट खाणारे करोडो जिवाणू त्या टाकीत असतात, त्यांना जिवंत ठेवायचं. बस, एवढंच काम! मला जाम भारी वाटतं. केमिस्ट्री शिकले आणि पाळायला मिळाले जिवाणू.

शिमग्याला अख्खी कंपनी बंद. सांडपाणी नाही म्हणजे जिवाणूंना जेवण नाही, म्हणून सुट्टीत आम्ही टाकीत गूळ कालवून घालतो. यंदा ते पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलेलं. आमचे ऑपरेटर मामा गावी जाताना म्हणाले, "रोज अर्धी ढेप. इसरू नको गो."

पण माझ्या गावी, पोलादपूरच्या वर, शिमग्याची देवाची पालखी घरी येणार होती! ती सोडून मी इथे गूळ कालवत बसू? डोकं चालवलं. चार दिवसांचा गूळ एकदम घातला, हवा सोडणारा ब्लोअर सुट्टीत एकच चालतो तो तसाच ठेवला, आणि एसटी पकडली. पालखी काय नाचली, विचारू नका!

शनिवारी सकाळी परत आले तर टाकी काळीकुट्ट. सडक्या अंड्यांचा वास. गेटवरचा वॉचमन नाकाला रुमाल लावून बसलेला. जिवाणूंनी सगळा गूळ हादडायला घेतला, हवा पुरली नाही, गुदमरले. सोमवारी कंपनी सुरू होणार. टाकी मेली तर सांडपाणी सोडायचं कुठे? कंपनी बंद राहणार, तीही माझ्यामुळे! मामांना फोन लावला आणि खरं ते सांगून टाकलं.

मामा दुपारच्या गाडीने आले. टाकीत वाकून बघितलं.

"चार दिसांचं जेवाण एका पंगतीत वाढलंस काय गो?"

"मामा, मेले का सगळे?"

"सगळे नाय मेले. रडू नको, पंप लाव."

दोन्ही ब्लोअर फुल सोडले. बराचसा काळा गाळ पंपाने उपसून वाळत घातला. मग शेजारच्या कंपनीच्या टाकीतून ताजा गाळ, म्हणजे जिवंत जिवाणूच, आणला. हो, विरजण मागावं तसा आमच्याकडे गाळ मागतात! सहा पिंपं, टेम्पोत, मागे मी ती धरून उभी.

रविवारभर गूळ बंद, नुसती हवा. सोमवारी सकाळी टाकीतलं पाणी काचेच्या जारमध्ये घेतलं आणि अर्धा तास त्याच्यासमोर बसले. तपकिरी गाळ हळूहळू खाली बसला, वर पाणी नितळ. वास घेतला, ओल्या मातीचा! मी उडीच मारली.

तेवढ्यात प्लांटवरून मामांना फोन. "पाणी सोडू काय?"

मामांनी फोन माझ्या हातात दिला. "हिला इचारा. टाकी हिची हाय."

मी जारकडे पुन्हा एकदा बघितलं. "सोडा. पण आज पावच व्हॉल्व्ह उघडा."

"पाव? मॅडम, आमचं काम अडेल ना!"

"अडू द्या," मी म्हटलं. "ते अजून आजारी आहेत."