वाळूतल्या तीन फुल्या

उन्हाळ्यात वैनगंगा आटली की मसणघाटाखालची वाळू उघडी पडते. तिथं एक बाई रोज बसलेली दिसे. काठवटीत वाळू अन् राख घेऊन ती पाण्यात गोल गोल हलवे. हलकं वाहून जाई, जड तळाले राही. बाटल्या, कुलपं बाजूला टाके, सोन्याचा कण पदरात बांधे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

माझी बायको गेली तेव्हा पोरगा म्हणे, नाकातली फुली काढून घेऊ. मी अडून बसलो. ती फुलीसकट जळली, राख इथंच सोडली. पुढं घर खायले उठलं, तवा मी त्या बाईजवळ गेलो.

"मले माह्या बायकोची फुली पाह्यजे."

तिनं पदराची गाठ सोडली. हातावर तीन फुल्या, जाळानं काळ्या पडलेल्या.

"यातली कोणती, बाबा?"

मले काही आठवेना. खडा होता का, तेही नाही.

"इतकी वर्षं समोर बसून वाढत असन ना ती? तुमी काय ताटाकडंच पाहत होते?"

पोरासमोर ताठ राह्यलेला माणूस मी. हिच्यासमोर वाकवेना. मधली उचलली अन् म्हटलं, "हेच."

बाईनं बाकीच्या दोन पदरात बांधल्या. पुन्हा काठवट हलवायले लागली.

फुली मी देवाजवळ ठेवली आहे. पोरगा विचारते, आईचीच ना? मी हौ म्हणतो अन् हात जोडतो. कोण्या बाईची आहे, मले माहीत नाही.